सुतारकाकांचा अर्धा गुण

दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. सुतारकाका आपल्या दुकानात एका दवाखान्याच्या औषधांच्या कपाटाला बिजागरी बसवत होते. तोंडात दोन स्क्रू, कानामागे पेन्सिल. फोन थरथरला तेव्हा त्यांनी मान तेवढी वळवली. निरोप मेव्हण्याचा होता. विद्यापीठाची यादी लागली, वास्तुरचनेच्या साठ जागा ७८.४५ गुणांवर भरल्या. खाली विचारलं होतं, 'आपल्या पोरीचं काय?'

काकांनी तोंडातले स्क्रू काढून खिशात टाकले. हिशेब करायची गरज नव्हती, तो बारा दिवस समोरच्या फळीवर पेन्सिलीने लिहिलेला होता. या यादीसाठी शाळेच्या शेवटच्या परीक्षेचे निम्मे गुण धरतात आणि प्रवेश परीक्षेचे निम्मे. काकांच्या पोरीला शाळेत ८३ होते, प्रवेश परीक्षेत ७४. शाळेचा निकाल लागला त्याच संध्याकाळी काकांनी दोन्हींचे निम्मे करून बेरीज मांडली होती. ७८.४.

म्हणजे केसभराने जागा गेली. त्यांना आठवली ती करवत. परीक्षेच्या आठवड्यात त्यांनी घाईचं काम घरी आणलं होतं, पोरीच्या खोलीच्या खिडकीखालीच. बायको म्हणाली होती, दोन दिवस थांबली तर लाकडं काही रडणार नाहीत. ते थांबले नव्हते. पोरीने कानात कापूस घालून अभ्यास केला होता आणि तक्रारीचा शब्द काढला नव्हता. तेच आता टोचत होतं.

फोन पुन्हा वाजला. त्यांनी तो उचलला नाही. बसवलेलं दार काढलं आणि काही गरज नसताना त्याच्या कडेला रंधा मारू लागले. तिसऱ्यांदा फोन वाजेपर्यंत दार इतकं घासलं गेलं की ते आता बसलं तरी फट दिसणार होती.

सव्वापाचला पोरगी सायकल घेऊन दुकानात आली. आई फोन करून करून थकली, तुम्ही कुठल्या गुहेत बसला होतात, असं तिने दारातूनच विचारलं. काकांनी रंधा खाली ठेवला. मनात जुळवलेलं बोलणं त्यांनी एका दमात सुरू केलं.

"हे बघ, एक वर्ष गेलं म्हणजे काही जन्म गेला नाही. पुन्हा परीक्षा दे. करवत घरी येणार नाही."

"कुठलं वर्ष?"

तिने फोन पुढे धरला. यादीत तिचा क्रमांक सत्तावन्न होता, गुण ७८.५. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि चेहरा आणखी पाडला. यादी चुकली आहे, ते म्हणाले, आताच गावभर सांगू नकोस, उद्या नाव काढतील. आणि पुरावा म्हणून फळी दाखवली.

पोरगी फळीजवळ गेली. ८३ खाली ४१.४ लिहिलं होतं.

"बाबा, त्र्याऐंशीचे निम्मे किती?"

"साडेएक्केचाळीस. लिहिलंय की. एक्केचाळीस आणि चार सू..."

ते तिथेच थांबले. इंचाचे सूत आठ, अर्धा इंच म्हणजे चार सूत. तीस वर्षं त्यांचा हात साडेएक्केचाळीस इंच असाच लिहीत आला होता, आकड्यापुढे टिंब आणि चार. मार्कांच्या बाबतीतही त्याने सवय सोडली नव्हती, आणि ती बेरीज काकांनी विद्यापीठाच्या आकड्याशेजारी जशीच्या तशी ठेवली होती.

"मार्काचे दहा भाग करायचे असतात, आठ नाही," पोरगी म्हणाली. "मला काय टेप लावून मोजलंत?"

काका स्टुलावर बसले. पाणी मागितलं, तांब्याभर प्यायले, मग उरलेले तीन कोण म्हणून विचारलं. तिच्या खाली तिघंच, हे त्यांना अजून जरा धोक्याचं वाटत होतं. मेव्हण्याला फोन लावून त्यांनी क्रमांक सांगितला. फळीचा विषय काढला नाही, आणि मामाला हे कळता कामा नये असं पोरीलाही बजावलं. मामाला तर सगळ्यात आधी सांगणार, ती म्हणाली. काकांनी रागवायचा प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही.

कागदपत्रांची तपासणी उद्या सकाळी साडेदहाला आहे, खिडकी क्रमांक दोन, मूळ गुणपत्रिका आणि दोन फोटो. काका सोबत जाणार आहेत. त्यामुळे दुकान उद्या नऊऐवजी दुपारी दोनला उघडेल, तसं त्यांनी शटरवर खडूने लिहून ठेवलं आहे.