बल्ब नसलेला बाण

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचतो आणि हसतो. पांढरी साडी, कुत्र्याचं रडणं... सगळ्यांची भुतं एकाच कारखान्यात बनल्यासारखी! माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. भुतांवर आजही नाही. पण माझ्याच गोडाऊनमध्ये, लख्ख दुपारी जे झालं ते मला खोडून काढता आलेलं नाही, म्हणून लिहितोय.

मी मूळचा इचलकरंजीचा. यंत्रमागाच्या मोटारी दुरुस्त करत मोठा झालो. आता मेलबर्नला, ट्रुगानिना या उपनगरात, जुन्या लॅब-सामानाचा धंदा करतो. बंद पडलेल्या लॅबमधून फ्रीजर, मायक्रोस्कोप उचलायचे, नीट करायचे, विकायचे. कुणाच्या मेहेरबानीवर उभा राहिलेलो नाही.

माझी बायको वर्षा, तिचा धाकटा भाऊ मंदार. डॉक्टर. ल्युकेमिया आणि लिम्फोमा, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरवर संशोधन करतो. ग्लेन वेव्हर्लीसारख्या महागड्या भागात घर, आणि ते कुठल्या नावाजलेल्या शाळेच्या झोनमध्ये येतं हे पाहुण्याला चहाच्या आधी सांगतो. त्याच्या घरभरणीला त्यानं मित्रांसमोर माझी ओळख करून दिली, "हे आमचे दाजी, भंगारवाले!" सगळे हसले. मीही हसलो. विसरलो मात्र नाही.

मागच्या वर्षी मी एक दोन डोक्यांचा मायक्रोस्कोप उचलला. शिकवण्यासाठीचा. दोघं समोरासमोर बसून एकच स्लाईड बघतात आणि शिकवणारा एक हिरवा, उजेडाचा बाण फिरवून पेशी दाखवतो. तो मार्गारेट नावाच्या प्राध्यापिकेचा होता. ती वारली, तिची लॅब बंद झाली. मंदार तिच्याच हाताखाली शिकलेला. त्याला कुठून तरी कळलं आणि साहेबांना पहिल्यांदाच ट्रुगानिनाचा रस्ता सापडला.

शनिवारी आला. मायक्रोस्कोपवरून हात फिरवत म्हणाला, "विद्यार्थी पेशीचं नाव बरोबर सांगेपर्यंत बाण हलवायची नाही ती. 'नेम इट, मेट' म्हणायची आणि थांबायची."

गिऱ्हाइकानं इतकं प्रेम दाखवल्यावर भाव वाढतो, एवढंही या शिकलेल्या माणसाला कळू नये!

त्यानं एक स्लाईड लावली. पेशंटची बाहेर आणता येत नाही म्हणून स्वतःच्या रक्ताची होती. म्हणाला, "लॅबमध्येही निरोगी रक्ताचा नमुना म्हणून मी माझंच रक्त वापरतो." छाती फुगवून. रक्तसुद्धा याचंच आदर्श!

"बाण लागत नाहीये, दाजी. भंगारच दिलंत की."

"लागणार कसा? त्याची वायर जळली होती, बाणाचा बल्ब मी काढून ठेवलाय." बल्ब माझ्या शर्टाच्या खिशात होता. तो त्याला दाखवला.

तो परत वाकला. "लागला की! खोटं कशाला बोलता?"

मी समोरच्या बाजूनं डोळा लावला. हिरवा बाण. एका गोल पेशीवर टेकलेला. त्या पेशीच्या कडा उसवलेल्या टॉवेलसारख्या, दशा निघालेल्या.

"बाण हलवू नका, दाजी."

मी दोन्ही हात वर केले. त्याचे हात स्लाईडवर होते. त्यानं स्लाईड सरकवली. बाण सरकला आणि तशाच दुसऱ्या पेशीवर जाऊन थांबला. पुन्हा सरकवली. पुन्हा तेच.

आता मला संताप आला. वस्तू बिघडलेली आहे असं दाखवून भाव पाडायचा, हे नाटक मी शंभर गिऱ्हाइकांचं बघितलंय. "मंदार, नाटकं बंद कर. भाव एक पैसा कमी होणार नाही!"

मी डोकं वर केलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"माझ्या रक्तात हे असायला नको," तो पुटपुटला. मग परत वाकला, आणि वर्गात बाईंनी उभं केल्यासारखा हळूच म्हणाला, "हेअरी सेल."

मी डोळा लावूनच होतो. बाण विझला.

त्या दिवशी भाव ठरलाच नाही. मीच त्याला गाडीत घालून घरी सोडलं. रस्ताभर एकच वाक्य बोलला, "ताईला सांगू नका." पुढच्या तपासण्यांत तेच निघालं. हेअरी सेल म्हणजे केसाळ पेशी, हा ल्युकेमियाचाच एक प्रकार. वेळेवर सापडला, उपचार झाले. आता बरा आहे, कामावर जातो.

पण लोकांना काय सांगतो? "माझं मीच स्लाईडवर पकडलं." वा रे वा! बाणाचं विचारलं की म्हणतो, कुठलातरी उजेड आत परावर्तित झाला असेल. जन्मभर प्रश्न विचारायचा पगार घेतो, आणि हा एक प्रश्न नको. माझं नावही नको.

मी त्या मायक्रोस्कोपचा स्क्रू न् स्क्रू काढून बघितला. बाणाच्या बल्बची जागा रिकामी, वायर जळलेली.

परवा त्याचा फोन आला. "दाजी, फायनल काय घेणार?" मी सांगितलं, विकायचा नाही.

मायक्रोस्कोप माझ्या टेबलावरच आहे. शेजारी कोऱ्या स्लाईड्सचा डबा आहे, सुई आहे. मी कुणाच्या बापाला घाबरत नाही. पण आजपर्यंत माझ्या रक्ताचा थेंब मी त्याच्याखाली ठेवलेला नाही.