तिसरा भाग

पवनीच्या बाजारात रेवताबाईशी भाव करायला जायचं तर माणसानं घरून पोटभर जेवून जावं. आधी तिचा आवाज येतो, मग मासोळी दिसते. "घ्यायची नसन तं हात कायले लावता जी? मासोळी आहे, पोरगी पाहाले आले का?" असं ती भरबाजारात म्हणते आणि आजूबाजूच्या बाया पदर तोंडाला लावून हसतात. नवरा श्यामलाल वैनगंगेत जाळं टाकायचा, ही विकायची. तो गेल्यावर ही दुसऱ्यांची मासोळी घेऊन विकू लागली. अक्षराशी तिची ओळख नाही, पण गोष्टीचं वेड असं की विचारू नका.

हे वेड पुरवलं तिच्या मुन्नानं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा पोरगा, हाताशी नेहमी एक जाडजूड पुस्तक. लेखक परदेशातला, पुस्तकं मराठीत आलेली; राक्षस, जादूगार, समुद्राखालची राज्यं. मुन्नाला दुसरा लेखक चालायचाच नाही. रेवताबाई त्या लेखकाला 'राक्षसवाला' म्हणायची. संध्याकाळी ती झिंगे निवडत बसायची आणि मुन्ना मोठ्यानं वाचायचा. गोष्टीतला कोळी रात्री एकटाच मोठं जाळं ओढतो, असं आलं की ही भडकायची. "तुझ्या राक्षसवाल्यानं जन्मात जाळं पाह्यलं नाही. एकट्याच्यानं होते का ते? खांदे निखळून जातीन!" मग मुन्ना हसून पुढचं पान उलटायचा. धाकटी रंजू कॉलेजचा अभ्यास करता करता ऐकायची आणि आपण ऐकत नाही असं दाखवायची.

मग खर्रा आडवा आला. आला काय, होताच. या भागात सुपारी-तंबाखूचा तो घोटलेला खर्रा न खाणारा तरणा पोरगा शोधून दाखवा. रेवताबाईनं कितीदा पुडी हिसकून नालीत फेकली, कितीदा शिव्या घातल्या. गालात गाठ आली, नागपूरला नेलं. जीभ अर्धी गेली, जबडाही अर्धा गेला, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत मानेत पुन्हा तेच निघालं. आता कापण्यासारखं काही उरलं नाही, असं डॉक्टरनं रंजूला बाजूला घेऊन सांगितलं. दिवाळीपर्यंत बघा, म्हणाले. रंजूनं ते आईला बसस्टँडवर सांगितलं, कारण घरी सांगायची तिची हिंमत नव्हती. मुन्नाला कोणी सांगितलं नाही. त्याला सांगायची गरजही नव्हती.

मोठ्यानं वाचणं बंद झालं. तो मनात वाचायचा आणि मग आईला सांगायचा. त्याच्या तोंडून निघायचं ते बोलणं कसलं, नुसता घोगरा आवाज आणि लाळ. रंजूला एक शब्द कळत नसे. रेवताबाईला सगळं कळायचं. तान्ह्या लेकराचं आईला कळतं ना, तसंच. "काय म्हनते दादा?" रंजू विचारायची आणि माय सांगायची. घरात त्याचं तोंड आता तीच होती.

पोळा झाला आणि राक्षसवाल्याची एक मालिका संपली. रंजू मोबाइल घेऊन त्याच्या खाटेवर बसली. "दादा, आता कोन्ती मागवू? दोन उरल्या. एक नऊ भागांची आहे, 'मिठाचे डोंगर'. लोकं म्हनतात त्याची सगळ्यात भारी तीच. दुसरी 'बुडालेल्या घंटा', ते तीनच भाग आहेत."

"नऊवाली मागव," रेवताबाई चुलीजवळूनच ओरडली. "तीन भागात काय होते? भाजीले फोडनी देईपर्यंत खतम!"

मुन्नानं तीन बोटं वर केली.

"काहून बाप्पा? भारीवाली सोडून हलकी काहून घेतं? पैशाले भेतं का? मी मरून गेली का अजून?"

तो आईकडे पाहत काहीतरी बोलला. रेवताबाईच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं.

"काय म्हनते?" रंजूनं विचारलं.

"तीनच होतीन म्हनते," रेवताबाई म्हणाली. "अर्धं सोडून जायचं नाही म्हनते."

त्यानं हिशोब केला होता. दुकानात तुटका मोबाइल हातात घेऊन, हा किती दिवस चालेल ते सांगायचा, तसा त्यानं स्वतःचा अंदाज काढला होता. नऊ भागांना तो पुरणार नव्हता, तिनांना पुरणार होता. रंजू मोबाइलमध्ये डोकं खुपसून रडली आणि तिनांचीच ऑर्डर दिली. दोन भाग आले. तिसरा मागून येईल, असा निरोप आला.

त्या दोन भागांनी मुन्नाला जिवंत केलं म्हणा ना. नदीखाली बुडालेलं एक शहर, त्यात देवळांच्या घंटा, आणि नावाड्याची एक पोरगी. ती घंटा वाजवायला कमरेला दोर बांधून खाली उतरते. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या ओळीत तो दोर तुटतो. बस, तिथंच भाग संपतो. मुन्नानं ते आईला सांगितलं तेव्हा माय चांगलीच तापली. "दोर तुटला तं काय झालं? तळाले पाय लावून जोर मारला का मानूस वर येते. येईनच ते पोट्टी." मुन्ना मान हलवत राहिला. लेखक मारूही शकतो, असं त्याचं म्हणणं. ती वर येते की नाही, एवढं एकच आता त्याला जाणून घ्यायचं होतं. दुखणं असो, ताप असो, डोळा उघडला की पहिला प्रश्न तोच: आलं का पुस्तक?

आता रेवताबाईच्या डोक्यात काय शिरलं ते ऐका. श्रावणात त्यांच्या मोहल्ल्यात मारुतीच्या देवळात पोथी लागते. पुंडलिकराव वाचतात, कोणीतरी अर्थ सांगतं. एकदा लावलेली पोथी मधेच सोडत नाहीत, समाप्तीचं जेवण होईपर्यंत गाव बांधलेलं असतं. श्यामलाल काविळीनं खाटेला लागला, ते दिवस पोथीचे होते. डॉक्टरनं हात टेकले होते, तरी भोंग्यावरची पोथी ऐकत तो रोज एक-एक दिवस काढत राहिला. समाप्ती झाली आणि दुसऱ्या दिवशी गेला. सगळा मोहल्ला म्हणाला, पोथीनं धरून ठेवला होता. रेवताबाईनं ते तेव्हाच मनात पक्कं केलं होतं. पोथी सुरू आहे तोवर माणूस जात नाही.

पार्सल आलं त्या दिवशी रंजू भंडाऱ्याला कॉलेजात होती. पार्सल आणणारा ईश्वर ओळखीचाच. रेवताबाईनं पुडकं घेतलं आणि मुन्ना झोपला आहे ते पाहिलं. सरळ तांदळाच्या कोठीत हात घालून ते खाली, अगदी तळाला दाबलं. मग पदरानं घाम पुसला आणि काहीच झालं नाही अशी मासोळी साफ करत बसली.

"माय, मोबाइलवर तं पार्सल आल्याचं दाखवते," संध्याकाळी रंजू म्हणाली.

"मले कोनी काही देलं नाही."

रंजूनं ईश्वरला फोन केला. तो म्हणाला, तुमच्या मायच्याच हातात दिलं. रंजूनं त्याला खोटारडा म्हटलं, कामावरून काढायला लावते म्हणाली. रेवताबाई ऐकत होती. बाजारात कोणाचाही मुलाहिजा न ठेवणारी बाई त्या वेळी तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. दुसरी प्रत मागवायला गेले तर मिळेना, आणि मोबाइलवर वाचायला ते पुस्तक आलेलंच नव्हतं.

आणि मुन्ना टिकला. दिवाळी आली आणि गेली. डॉक्टरही चकित झाले. रेवताबाई देवापुढे दिवा लावताना मनात म्हणायची, पाहा, मी म्हणत होती ना.

पण तो कसा टिकला ते तिनं पाहायला हवं होतं. पाहतच होती, दुसरं काय करणार होती? मानेवरची जखम फुटली. घरात वास भरला, उदबत्तीनं जाईना. नाकात घातलेल्या नळीतून दिलेलं दूध परत यायचं. गोळ्या पुरेनात. तो खाटेची लाकडी कड दातांनी चावायचा, आणि दात तरी कुठं धड उरले होते. कळ थोडी उतरली की आईकडे वळून विचारायचा, आलं का?

"काय म्हनते, माय?" रंजू विचारायची.

"पानी मांगते," रेवताबाई म्हणायची.

रंजू उठून चमच्यानं पाणी द्यायची. मुन्ना आईकडे बघायचा. आपण काय बोललो आणि तिनं काय सांगितलं, हे त्याला ऐकू येत होतं ना! कान शाबूत होते त्याचे. पहिल्यांदा तो रागानं हात आपटायचा. पुढे पुढे नुसता बघत राहायचा. त्यानं ओळखलं होतं की नाही, देव जाणे. पण एका पोराचं बोलणं त्याच्याच आईनं अडवून धरलं, याला काय म्हणावं? माया म्हणा. मी तर तिला दुष्टपणाच म्हणेन, आणि ती माय होती म्हणून जास्तच म्हणेन.

थंडी पडली तसं पाणीही घशाखाली उतरेना. एका सकाळी उन्हात खाट टाकली होती. मुन्नानं डोळे उघडले आणि आईला काहीतरी विचारलं. या वेळी पुस्तकाचं विचारलं नाही.

"काय म्हनते?" रंजू म्हणाली.

रेवताबाईच्या तोंडून 'पानी' निघेना. "ते पोट्टी वर आली का, इचारते," ती म्हणाली आणि उठली. कोठीत खांद्यापर्यंत हात घातला, तांदूळ भसाभसा जमिनीवर सांडला, आणि ते पुडकं आणून तिनं रंजूच्या मांडीवर टाकलं. "वाच. वाच त्याच्यासाठी."

रंजूनं पुडकं पाहिलं. त्यावरची तारीख पाहिली, दिवाळीच्या आधीची. कागद फाडला आणि वाचायला लागली.

आता त्या राक्षसवाल्याला काय म्हणावं! पोरगी तिकडे पाण्यात बुडते आहे आणि यानं तिसरा भाग उघडला तो राजाच्या दरबारात. पानामागून पान दरबार. कोण कोणाचा वारस, कोणाची सही खोटी. रंजू भराभर वाचत होती, तिचा घसा बसला. मुन्ना डोळे टक्क उघडे ठेवून ऐकत होता.

"दादा, शेवटच वाचू का सरळ?"

त्यानं मान हलवली. नाही.

"ऐक ना रे बाप्पा," रेवताबाईनं त्याचे पाय धरले. "ऐकून घे. वर आली का नाही, तेवढं तं ऐक."

तो बोलला. तिनं खरं तेच सांगितलं: "नाही म्हनते. ओळीनं वाच म्हनते."

ऊन अंगणातून भिंतीवर गेलं. मुन्नानं हात थोडा उचलला.

"किती राहिलं, इचारते," रेवताबाई म्हणाली.

रंजूनं पुस्तक त्याच्यापुढे उभं धरून दाखवलं. वाचलेली पानं चिमटीत मावत होती. न वाचलेली मुठीत मावत नव्हती. त्यानं ते पाहिलं, मग आईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. रंजू पुन्हा वाचू लागली. पान उलटताना तिनं वर बघितलं तर तो गेलेला होता.

दहावं घाटावर झालं. पुंडलिकराव सांत्वनाला म्हणाले, पोरगा जिद्दीचा, डॉक्टरच्या तारखेच्या पुढे जगला. दुसऱ्या दिवशी रंजू पुस्तक घेऊन एकटीच घाटावर गेली आणि पाण्याकडे तोंड करून मोठ्यानं वाचत बसली. असं तीन-चार दिवस चाललं. मग एका दुपारी ती घरी आली आणि पुस्तक फळीवर ठेवलं.

"झालं?" रेवताबाईनं विचारलं.

"झालं."

"वर आली का व ते?"

रंजूनं आईकडे पाहिलं. पुडक्यावरची तारीख, ईश्वरला दिलेल्या शिव्या, ते चमचा-चमचा पाणी, सगळं तिच्या तोंडाशी आलं होतं. तिनं त्यातलं काही काढलं नाही.

"दादाले नाही समजलं," ती म्हणाली. "तुलेही नाही समजनार."

"बराबर आहे," रेवताबाई म्हणाली.

शेजारच्या पाटलिणीची प्रतीक्षा सातवीत आहे, चांगलं वाचते, एका हाकेवर येईल. रेवताबाई रोज सकाळी ते पुस्तक फळीवरून काढते, पदरानं पुसते आणि परत ठेवते. प्रतीक्षाला तिनं अजून हाक मारलेली नाही.