श्रीधरचे पिवळे बोळे

ऱ्हाइन नदी एका हिवाळ्यात इतकी गोठली की मी तिच्यावरून सायकल हाणत कामावर गेलो, ही गोष्ट मी लुडविग्सहाफेनच्या आमच्या जिन्यात शेजारच्या आजींना सांगत होतो, तेव्हा घरातला फोन वाजला. नदी गोठलेली नव्हती, सायकल माझी नव्हती आणि आजींना दोन्ही माहीत होतं. मी हसतच फोन उचलला. पलीकडे शैलावहिनी होत्या. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. मग एकदम, वाण्याची यादी वाचावी तशा सपाट सुरात, सगळं सांगितलं. सकाळी श्रीधर दाढी करायला न्हाणीघरात गेला. चहा निवतोय म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारली. उत्तर आलं नाही. पण श्रीधर खोतच्या घरात उत्तर न येणं हे रोजचंच होतं. गेली तीन वर्षं त्याला भिंतीपलीकडचं काही ऐकू येत नसे. म्हणून वहिनींनी चहा झाकून ठेवला, पोळ्या लाटल्या, मुलीची वेणी घातली आणि अर्ध्या तासानं दार ढकललं. "ऐकू येणारा माणूस असता तर मी पहिल्या हाकेलाच धावले असते ना हो," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं, आणि लवकर धावून उपयोग झाला असता की नाही ते सांगता येणार नाही, असंही सांगितलं. त्या फोनला आज सात आठवडे झाले. वहिनींचं ते वाक्य अजून माझ्या घरातून बाहेर पडलेलं नाही.

श्रीधर इचलकरंजीचा. जर्मनीत मार्क जाऊन युरो आला त्या हिवाळ्यात तो पुण्याच्या कंपनीकडून आमच्या कारखान्यात आला, साच्यांच्या चाचण्या घ्यायला. कारखाना म्युनिकच्या बाहेर. एस-बान लोकलच्या शेवटच्या स्टेशनावर उतरायचं आणि पुढे बसने अर्धा तास. तिथे पत्र्यातून मोटारींचे दरवाजे आणि बॉनेट दाबून काढत. मोठ्या प्रेसचा एक ठोका पडला की दोन गावांपलीकडच्या गाई आटायच्या. बरं, गाईंचं सोडा, पण बाकावरच्या कपातली कॉफी उडून बाकावर सांडायची, हे शपथेवर सांगतो. मी तिथे आधीपासून सहा वर्षं मुरलेला. सगळे मला आप्पा म्हणत, का ते मलाही माहीत नाही. जेवणाच्या सुट्टीत माझ्याभोवती चारपाच मराठी डोकी जमत आणि मी थापा मारी. एस-बानच्या ड्रायव्हरनं माझ्यासाठी सात मिनिटं गाडी थांबवली आणि अख्ख्या बव्हेरियाचं वेळापत्रक कोलमडलं, ही माझी त्या काळातली गाजलेली थाप. बाकीचे हसत. श्रीधर हसत नसे. तो घास हातात धरून ऐके आणि शेवटी विचारी, "मग त्या ड्रायव्हरचं काय झालं हो, आप्पा?" असा श्रोता मला आयुष्यात दुसरा मिळाला नाही.

पहिल्या दिवशी मीच त्याला हॉल दाखवायला नेलं. दाराशीच भिंतीवर एक डबा असतो. खालचा गोल फिरवला की त्यातून फोमचे पिवळे इअरप्लग टपाटप हातात पडतात. फुकट, हवे तितके. लोक शिफ्ट सुरू होताना दोन घेतात आणि संपताना कचऱ्यात टाकतात. मी त्याला रीत शिकवली. बोळा बोटांत फिरवून काडीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगून कान भरेपर्यंत बोटानं दाबून धरायचा. श्रीधरनं तसं केलं. प्रेसचा ठोका पडला आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरलेलो नाही. एखाद्याला पहिल्यांदा चष्मा लागतो आणि झाडाची पानं सुटी सुटी दिसतात, तसं काहीतरी. बाहेर आल्यावर त्यानं ते बोळे तळहातावर घेतले आणि म्हणाला, "आमच्या दादांनी चाळीस वर्षं यंत्रमाग चालवला. कानात सुताच्या कचऱ्याचा गोळा कोंबायचे. पंचेचाळिशीत ठार बहिरे झाले. आमच्या घरात मग कुणी बोलायचंच नाही, आप्पा, नुसते हातवारे. मी दहावी पास झालो ते दादांना पाटीवर लिहून दाखवलं होतं." थोड्या वेळानं म्हणाला, "माझे कान मी जाऊ देणार नाही. मुक्ता आत्ताच बोलायला लागलीय." मुक्ता म्हणजे त्याची मुलगी, तेव्हा दोन वर्षांची.

मग त्यानं समोरच्या कचऱ्याच्या पिंपात पाहिलं. पिवळ्या बोळ्यांनी पिंप अर्धं भरलेलं. त्याला ते बघवेना. "हे सगळे टाकून द्यायचे? एका दिवसात?" त्यानं विचारलं. आणि माझ्या जिभेला खाज सुटली. मी अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की टाकतात ती नवशिकी पोरं. जुना जाणता जर्मन एक जोड वर्षभर वापरतो. तिची निगा राखायची असते. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, त्यात चमचाभर व्हिनेगर, पिळायचं नाही, नुसतं दाबायचं आणि जुन्या मोज्यात घालून हायट्सुंगवर, म्हणजे खोली तापवणाऱ्या हीटरवर, वाळवायचं. माझी स्वतःची जोड तिसऱ्या वर्षात आहे, असंही ठोकून दिलं. खरं तर मी रोज नवे घेत होतो. माझा बेत साधा होता. दोन दिवस त्याला धुऊ द्यायचं, शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर भांडं फोडायचं आणि सगळ्यांनी मिळून हसायचं.

शुक्रवारी तो एक डबी घेऊन आला. कॅमेऱ्याचा रोल येतो ती काळी, राखाडी झाकणाची. आत तीन जोड्या, धुऊन, वाळवून, प्रत्येक बोळ्यावर बॉलपेननं बारीक अक्षर, डाव्याला 'डा', उजव्याला 'उ'. वहिनींची चहाची गाळणी त्यानं कायमची ताब्यात घेतली होती. व्हिनेगर सफरचंदाचं बरं की साधं, ते त्यानं मला विचारलं. टेबलावर सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "साधं." एवढा एकच शब्द. भांडं फोडायचं राहून गेलं.

इथपर्यंत थाप होती. थापेची शिक्षा फार तर चारचौघांत तोंड लपवण्याची असते. पुढे मी जे केलं त्याला थाप म्हणत नाहीत.

कारखान्यात वर्षातून एकदा सुरक्षेचा तास असे. सगळ्यांनी बसायचं, ऐकायचं आणि कागदावर सही करायची. श्रीधरचं जर्मन तेव्हा गेनाऊ, डांके म्हणजे 'बरोबर', 'आभार' यांच्या पलीकडे गेलेलं नव्हतं, म्हणून मी त्याच्या शेजारी बसून कानात मराठी करून सांगे. तो तास घेणारा म्हातारा माइस्टर, म्हणजे फोरमन, भला माणूस होता. त्यानं एक पिवळा बोळा वर धरला आणि सावकाश, पोरांना सांगावं तसं सांगितलं की हात स्वच्छ हवेत, बोळा एका शिफ्टपुरताच, मग टाकायचा. कुणी धुऊन वापरत असेल तर बंद करा. धुतलेला फोम मरतो, पूर्ण फुगत नाही, कानात नुसता बसून राहतो आणि तुम्हाला वाटतं आपण झाकलेले आहोत. श्रीधरनं मला कोपरानं ढोसलं. "काय म्हणतोय, आप्पा?"

मी म्हणालो, "हात स्वच्छ ठेवा म्हणतोय."

त्यानं मान डोलावली आणि सही केली. सुंदर, गोल, शाळेतल्यासारखी सही. त्या क्षणी मला कशाची भीती वाटली ते मी सात आठवडे आठवून पाहतोय. तो रागावेल याची नाही. तो पुन्हा माझी एकही गोष्ट घास हातात धरून ऐकणार नाही, याची. दुसऱ्या वर्षीही मीच शेजारी होतो. तिसऱ्या वर्षी त्याला बऱ्यापैकी जर्मन येत होतं, पण माइस्टर निवृत्त झाला होता आणि नव्या माणसानं सगळं पडद्यावर भराभर दाखवून आटपलं.

कान तपासायला एका काचेच्या खोलीत बसवत. टूं असा आवाज आला की बटण दाबायचं. पहिल्या वर्षी श्रीधरचा आलेख सरळ होता. तिसऱ्या वर्षी त्याची उजवीकडची, बारीक आवाजांची बाजू कड्यावरून घसरावी तशी खाली आली. डॉक्टर म्हणाले, लहानपणचे यंत्रमाग असतील, घराण्यात असेल, इथला आवाजही असेल. कशाचं किती ते सांगता येणार नाही. कंपनीनं त्याला ऑफिसात बसवलं. पण चाचणीच्या वेळी हॉलमध्ये जावंच लागे, आणि जाताना तो खिशातली डबी काढी. आलेख पाहिल्यापासून तर त्यानं निगा दुप्पट केली. पाणी उकळून गार केलेलं, साबण लहान बाळाचा. "आपलंच कुठंतरी धुण्यात चुकत असेल, आप्पा," तो म्हणाला. त्या दिवशी मी सांगायला तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं... आणि आमच्या कँटीनमधल्या बटाट्याच्या गोळ्यानं खिडकीची काच फुटली, ही गोष्ट सांगितली.

अशा कानाचं असं असतं की बारीक आवाज आधी जातात. पुरुषांचं घोगरं बोलणं राहतं, बायका आणि मुलं निघून जातात. मुक्ता सात वर्षांची होईतो तिचा आवाज त्याच्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी पोचत होता, त्यात ती उत्तर देणार जर्मनमध्ये. तो दोनदा विचारी, तिसऱ्यांदा नुसता हसे. कानातलं यंत्र आणलं, ते शिट्ट्या मारी आणि ताटावरच्या चमच्याचा आवाज बंदुकीसारखा करी. ते ड्रॉवरमध्ये गेलं. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर पोरांची एक पाटी आली, लिहायचं आणि खालची पट्टी ओढली की पुसलं जाणारी. वहिनी भाजीला काय हवं ते त्यावर लिहीत. मुक्ता लिही, "पापा, माझ्याकडे बघ."

तोवर मी नोकरी बदलून इकडे लुडविग्सहाफेनला आलो होतो. रविवारी फोनवर मी गोष्ट सांगे आणि तो हसे, पण हसू चुकीच्या जागी येऊ लागलं. मी श्वास घ्यायला थांबलो की तो हसायचा. गोष्ट संपली असं त्याला वाटायचं. त्याच्या हसण्यात जराही कंजुषी नव्हती. शेवटी शेवटी फोन मुक्ताच घेई आणि जर्मनमध्ये सांगे, पापाला ऐकू येत नाही, तुम्ही या.

ऑक्टोबरात गेलो. त्याच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघेच बसलो होतो. हायट्सुंगवर मोजा वाळत होता. ऑफिसात बसूनही आठवड्यातून एकदा धुणं चालूच. मी चहाच्या कपात बघत, हळू आवाजात, सगळं सांगितलं. डबा, शुक्रवार, माइस्टर, ते "हात स्वच्छ". पाटी माझ्यापासून दोन विती दूर होती. मी ती ओढली नाही. त्याला ऐकू येणार नाही हे मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच सांगितलं. आयुष्यभर श्रोते शोधत हिंडलेल्या माणसानं एकच खरी गोष्ट सांगितली, ती श्रोता नाही याची खात्री करून घेऊन.

तो माझ्या तोंडाकडे मन लावून बघत होता. मी थांबलो. त्यानं क्षणभर वाट पाहिली आणि मग मांडीवर थाप मारून पोटभर हसला. "आप्पा, तुमचं म्हणजे..." म्हणाला. मग पाटी माझ्याकडे सरकवली. "शेवटचं नीट कळलं नाही. लिहा की."

मी लिहिलं, "चहा फक्कड झालाय."

त्यानं वाचलं, मान डोलावली, पट्टी ओढली. ती आमची शेवटची भेट.

दिवसकार्य आटोपल्यावर मी गेलो तेव्हा वहिनींनी ती काळी डबी माझ्या हातात ठेवली. "तुम्हीच शिकवलेलं ना हे. तुमच्याकडे असू दे. फार जपायचे हो." त्या आत चहाला गेल्या. मुक्ता खिडकीशी बसून काहीतरी रंगवत होती. मी डबी उघडली. व्हिनेगरचा पुसट वास. तीन जोड्या, पिवळ्याच्या आता पांढरट झालेल्या, 'डा' आणि 'उ' बहुधा दर धुण्यानंतर नव्यानं गिरवलेले. माझ्या थापेचं हे सगळं मी वहिनींना अजून तोंडानं सांगितलेलं नाही. पण ज्या वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी मी हे लिहितोय, ती माझी देशातली बहीण त्यांना दर आठवड्याला पोस्टानं पाठवते, तेव्हा त्या वाचतीलच.

एक जोड घेतली. बोटांत फिरवून बारीक केली, डोक्यावरून हात नेऊन कान वर ओढला, सरकवली, बोटानं दाबून धरली. दुसऱ्या कानातही तसंच. फुगायची वाट पाहिली. माझे कान अजून शाबूत आहेत, रोज नवे घालत आलो ना. बोळे कानात होते आणि मला घड्याळ ऐकू येत होतं. मुक्ताची पेन्सिल कागदावर घासत होती, ती ऐकू येत होती. रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. आत गाळणी कपावर टेकली, आणि वहिनींनी तिथूनच, मुळीच आवाज न चढवता विचारलं, "भाऊजी, साखर एक चमचा ना?"

"हो," मी म्हणालो.