मंदाबाईंनी गॅस बंद केला

धुळ्याच्या मंदाबाई सहलीच्या बसबरोबर स्वयंपाकाला जात. रत्नागिरीच्या नऊ सहली झाल्या, पण त्यांनी पाहिलं ते फक्त लॉजचं मागचं अंगण. यंदा त्यांनी सहल नेणाऱ्या प्रेमराजला म्हटलं, "भाऊ, आज माले बी समुद्र दखाड."

तो हसला. "समुद्रात काय बघायचंय? पाणीच आहे. तुम्ही जेवणाच्या वरण-बट्ट्यांचं बघा."

मंदाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "पाणीच शे ना? मंग तू दर साल कसाले दखाले जास?" असं ओरडून त्यांनी गॅस बंद केला, कणीक तशीच टाकली आणि रिक्षा धरली.

मांडवीचा किनारा दहा मिनिटांवर होता. फक्त दहा मिनिटांवर! लाटा पाहून राग निवायचा सोडून भडकलाच. डोळे पुसून त्या एका खानावळीत शिरल्या आणि दुसऱ्याच्या हातचं गरम सुरमईचं ताट पोटभर जेवल्या.

परतल्या तेव्हा चाळीस माणसं उपाशी होती आणि प्रेमराज तणतणत होता. मंदाबाईंनी त्याला बोलूच दिलं नाही. "पुढल्या सहलीले आधी मी फिरसू, मंग चूल पेटी. नही जमनं तं दुसरी बाई दख."

चाळीस माणसांचं एकटीने रांधणारी दुसरी बाई त्याला मिळणार नव्हती. त्याने मान डोलावली. तेव्हा कुठे मंदाबाईंनी गॅस पेटवला आणि रागारागातच कणीक मळायला घेतली.