पोथीत नसलेली नागीण

सानगडीत धानाचे रोवणे आटोपले की देवळात पोथी लागते. टेकचंद ओव्या वाचतो आणि शेजारी बसून हेमराज त्यांचा अर्थ सांगतो. हेमराजचं सगळं आयुष्य तसं धानाच्या बांधीतल्या चिखलातच गेलं. पण संध्याकाळी खांबाजवळच्या त्या पोत्यावर बसला की गाव त्याचं ऐकून घेतं. आधी त्याचा बाप तिथे बसायचा. ही जागा हेमराजला शेतापेक्षा जवळची.

यंदा सुनेनं, दामिनीनं, साकोलीच्या वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी आणली. जादूचं राज्य, शापित राजा, नदीखालची नागीण. दामिनी दुपारी शिलाई मशीनवर बसली की हेमराज ते पुस्तक उचलायचा.

"दामिनी, हा लेखक चोर हाय का वं?"

"काहून मामाजी?"

"वनवास आपल्या पोथीतला, सोन्याचं जनावर आपल्या पोथीतलं, तरंगते दगडबी आपलेच. ह्याचं सोताचं काय हाय मंग?"

"मंग ठेवून द्या ना."

"ठेवू कसं? ते नागीण राजाचा आवाज मडक्यात भरून बसली ना! राजा मुका होऊन फिरून राहिला. पाहू तं दे पुढं काय होते."

लबाड म्हणावं तर पुस्तक हातातून सुटत नव्हतं. चोरीचा माल इतका गोड कसा लागतो, हे काही त्याला उमगेना.

आणि एका संध्याकाळी घोळ झाला. पोथीतला राजा नदीकाठी आला. टेकचंदनं ओवी संपवली आणि हेमराज रंगात येऊन सांगू लागला, "नदीखाली होती नागीण. ते म्हणे, आवाज इथं ठेव, मंगच पार हो." बाया गलबलल्या. टेकचंद मात्र ओवीवर बोट ठेवून त्याच्याकडे बघत राहिला.

घरी पाय धुताना हेमराजच्या हातातला तांब्या थांबला. नागीण पोथीत कुठे आहे? त्यानं घरातली पोथी काढून तो अध्याय चाळला. नदी होती, नाव होती, नागीण नव्हती.

सकाळी टेकचंद शेताच्या धुऱ्यावरच आला. "ते नागीण कोठून आणली गा?"

हेमराज बांधीत वाकून गवत उपटू लागला.

"पोथी म्हंजे काय दंडारीचा खेळ होय का, मनात आलं ते सोंग घुसवाले? संध्याकाळी साऱ्यांसमोर कबूल कर. नाही तं उद्यापासून अर्थ माहा पोरगा मनिष सांगन."

दिवसभर हेमराजचं निंदणात लक्ष लागलं नाही. कबूल केलं तर जागा राहील, पण मग आपल्यावर विश्वास कोण ठेवेल?

संध्याकाळी देऊळ नेहमीपेक्षा भरलं होतं. हेमराज उभाच राहिला. "कालची नागीण पोथीतली नोहोय. माह्या सुनेच्या पुस्तकातली हाय. चुकलं माह्यं."

पुढ्यात बसलेली म्हातारी रुखमाबाई एकदम तडकली. "काहीच्या काही नको सांगू! ते नागीण तं तुह्या बापानंच सांगतली होती आमाले. इथंच बसून. फक्त आवाजाच्या जागी सावली ठेवून घेतली होती तिनं."

"मंग पोथीत काहून नाही?" टेकचंद म्हणाला.

"तुह्या पोथीत नसन!"

हेमराजला काही सुधरेना. बापानं तर असली पुस्तकं कधी पाहिलीसुद्धा नव्हती. मग ती नागीण त्यानं आणली कुठून? की लेखकानंही तिथूनच उचलली? की कालचंच रुखमाबाईच्या डोक्यात जुनं होऊन बसलं? विचारायचं कोणाला?

टेकचंदही गोंधळला. तो हेमराजकडे बघे, रुखमाबाईकडे बघे. शेवटी पोत्याकडे हात करून म्हणाला, "बस बाप्पा. पण माह्या बोटाखालचंच सांगजो." आणि त्यानं पुढची ओवी वाचली. राजा पैलतीरावर उतरून भावाशी बोलत होता.

हेमराजनं नाव सांगितली, तीर सांगितला, तोच मागून ललिताबाईनं विचारलं, "भाऊजी, त्याचा आवाज वापस भेटला का?"

कादंबरी अजून अर्धीच झाली होती. बाप विचारायच्या पलीकडे गेलेला. हेमराजनं टेकचंदच्या बोटाकडे पाहिलं.

"भेटला असन बाई," तो चाचरत म्हणाला, "बोलून राहिला ना तो."

टेकचंदनं मान वर केली, ओवी पुन्हा एकदा मनात वाचली, आणि पान उलटलं.