मिस्त्रींचे तीन हप्ते

बारा फेब्रुवारी. अठरा हजार चारशे बारा रुपये. कार्डाचं बिल भरायची शेवटची तारीख वीस होती. पण पंपांच्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरनी शेवटच्या तारखेची वाट कधी पाहिलीच नव्हती. सकाळी चहाच्या आधी त्यांनी पैसे भरले, पावती फोनमध्ये जपून ठेवली आणि नव्या महिन्याचा क्रेडिट स्कोअर उघडून पाहिला. नऊशेपैकी आठशे एकाहत्तर.

"अहो, चहाचं पाणी होतंय," बायको म्हणाली.

"आठशे एकाहत्तर!"

"बरं. आता प्या."

ही गोडी त्यांना एका अपमानातून लागली होती. पंधरा वर्षांपूर्वी ते स्कूटरसाठी कर्ज मागायला गेले, तेव्हा बँकेनं अर्ज परत केला. कारण काय, तर त्यांनी जन्मात कर्ज काढलेलं नव्हतं. "तुम्ही फेडता की बुडवता, आम्हाला कळणार कसं?" असं टेबलापलीकडच्या माणसानं हसत विचारलं होतं. कुणाचा छदाम बुडवला नाही म्हणून बाजारात पत नाही! स्टोअरकीपर तिथून उठले आणि खिशात रोख असताना त्यांनी मिक्सर सहा हप्त्यांवर घेतला. मग पंखा. मग कार्ड. स्टोअरमध्ये नट-बोल्टच्या खणांवर चिठ्ठ्या असत, तसा घरी कपाटाच्या दाराला आतून तारखांचा तक्ता लागला. हप्ता तारखेच्या आत भरायचा. कार्डाची मर्यादा लाखाची असली, तरी वापराचा आकडा तीस हजारांच्या वर दिसू द्यायचा नाही. जुनं कार्ड बंद करायचं नाही. उगाच चार बँकांचे उंबरठे झिजवायचे नाहीत. "लोक देवाला भितात, आमच्याकडे स्टेटमेंटला भितात," असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

कारखान्यात आधी ते स्टोअरकाका होते, नंतर स्कोअरकाका झाले. घर घ्यायचं असो की गाडी, माणूस आधी त्यांच्याकडे यायचा. कुणी आलं की ते चष्मा पुसायचे, लाल पेन काढायचे आणि समोरच्याचा रिपोर्ट ओळ न् ओळ वाचून दाखवायचे. मनातून त्यांना हे फार आवडायचं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सुतारमिस्त्री आले. चार वर्षांपूर्वी स्टोअरकीपरांच्या स्वयंपाकघरातली कपाटं यांनीच केली होती. अंगावर भुसा तसाच, हातात पिशवी, पिशवीत घडी घातलेले कागद. स्टोअरच्या खिडकीशी हिशेबनीस बाई आणि वेल्डर डबा संपवून गप्पा मारत होते.

"साहेब, शाळेच्या बाकांचं काम मिळालंय. दीडशे बाक. पण हातानं कापत बसलो तर पोरं पास होऊन जातील. कापायचं मशीन घ्यायचंय. बँक नाही म्हणते."

"स्कोअर किती?"

"पाचशे नव्वद का काहीतरी."

"अरे देवा," वेल्डर म्हणाला. "मिस्त्री, काकांच्या पाया पडा, थोडा इकडे सांडेल."

सगळे हसले. मिस्त्रीही हसले. स्टोअरकीपरनी चष्मा पुसला आणि लाल पेन काढलं.

मिस्त्रींच्या नावावर जुन्या रंधायंत्राचं एकच कर्ज होतं. हप्ते वेळच्या वेळी. मग एके ठिकाणी आकडे उभे राहिले होते: तीस दिवस उशीर, एकसष्ट दिवस, एक्क्याण्णव दिवस. स्टोअरकीपरनी तिन्हीभोवती लाल गोल केले.

"हे बघा, इथं शेण खाल्लंत! लागोपाठ तीन महिने हप्ता चुकवला. बँकेला काय वाटणार? मिस्त्री, राग मानू नका, पण ही पैशांची अडचण नव्हे, ही शिस्तीची अडचण आहे. झेपत नव्हतं तर कर्ज घ्यायचं कशाला?"

"मी हेच सांगते आमच्या ह्यांना," हिशेबनीस बाई म्हणाल्या.

मिस्त्री कागदावर वाकले. त्यांनी बोटानं महिने वाचले. "ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. हां, बरोबर. त्या वर्षी तुमचंच काम केलं ना साहेब. कपाटांचं. तुमचे पैसे नोव्हेंबरात आले. नोव्हेंबरात सगळं भरून टाकलंय मी, बघा की पुढं."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. साहेबांनी विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं. पुढच्या ओळीत नोव्हेंबर होता आणि तिथे उशीर शून्य होता. हिशेबनीस बाईंनी डब्याचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. वेल्डर "मशीन चालू राहिलंय बहुतेक" म्हणून निघून गेला.

स्टोअरकीपरना सगळं आठवलं. पैसे नव्हते असं नव्हतं. त्या वर्षी मुलीची फी कार्डावर भरलेली होती; आकडा तीस हजारांखाली आणायला पगार तिकडे वळवला होता. स्कोअर साडेआठशेला टेकला होता आणि तो घसरू द्यायचा नव्हता. मिस्त्रींचे पैसे थकले, तर त्याची नोंद मात्र कुठेच होत नव्हती. म्हणून छप्पन्न हजार चारशे रुपये चार महिने थांबले. आणि थांबवायला कारण हवं म्हणून त्यांनी सांगितलं होतं, "खालचा ड्रॉवर अडकतोय, तेवढा नीट करा, मग हिशेब संपवू." ड्रॉवर अडकत नव्हता.

संध्याकाळी त्यांनी बायकोला विचारलं, "तेव्हा मिस्त्री पैसे मागायला आले होते?"

"दोनदा. तुम्ही कामावर होतात. पाणी प्यायले आणि गेले. सांगितलं होतं मी तुम्हाला. तुम्ही म्हणालात, कार्डाची वीस तारीख जाऊ दे."

"मी असं म्हणालो?"

"तक्त्याकडे बघत म्हणालात."

रविवारी ते मिस्त्रींच्या कारखान्यात गेले. पत्र्याची शेड, अर्धवट बाक, गोंदाचा वास. बसायला मिस्त्रींनी एक बाक पुढे केला. लहान मुलांच्या मापाचा होता. स्टोअरकीपरांचे गुडघे हनुवटीला लागले.

"मिस्त्री, तो ड्रॉवर," ते म्हणाले, "तो अडकत नव्हता. मी खोटं बोललो."

"ठाऊक आहे की."

"ठाऊक होतं?"

"तीस वर्षं लाकडात गेली साहेब. ड्रॉवर अडकतो की गिऱ्हाईक, एवढं कळतं." मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढून पुन्हा खोचली. "वहिनी तिथेच भाजी निवडत होत्या. काहीच केलं नसतं तर तुमचं खोटं त्यांना कळलं असतं. म्हणून एका तुकड्यावर रंधा मारला थोडा वेळ. आवाजापुरता. ड्रॉवरला हातसुद्धा लावला नाही."

स्टोअरकीपरना उठून जावंसं वाटलं, पण त्या बाकावरून पटकन उठताही येईना. "मी जामीन राहतो," ते खाली बघत म्हणाले. "आणि बँकेत सांगतो, चूक माझी होती म्हणून."

"राहा की. मला मशीन हवंय," मिस्त्री म्हणाले. "मला कसला आलाय ताठा!"

मंगळवारी दोघं बँकेत गेले. अधिकाऱ्यानं स्टोअरकीपरांचा आकडा पडद्यावर पाहिला आणि तो खुर्चीतून अर्धा उठला. "आठशे एकाहत्तर? अहो, असे लोक आम्हाला वर्षात दोन भेटतात." त्यानं चहा मागवला. एकच कप आला. "बघा मिस्त्री," तो म्हणाला, "पत अशी कमवावी लागते. साहेबांकडून चार गोष्टी शिका. तीन-तीन महिने हप्ते थकवून कसं चालेल?"

मिस्त्रींनी मान हलवली.

स्टोअरकीपरांनी वाक्य घरून पाठ करून आणलं होतं: ते तीन महिने माझ्यामुळे गेले. त्यांनी तोंड उघडलं. अधिकारी त्यांच्याकडे इतक्या आदरानं बघत होता की ते म्हणाले, "सही कुठे करायची?" मग त्यांनी सही केली आणि चहा प्यायला. सगळा प्यायला.

कर्ज मंजूर झालं. बाहेर पायऱ्यांवर मिस्त्रींनी चप्पल सरकवत विचारलं, "साखर बरी होती का चहात?"

"मिस्त्री, मला बोलता आलं नाही."

"राहू द्या. मशीन आलं ना."

"तेव्हा बँकेनं दंड लावला असेल. किती लावला?"

"महिन्याला पाचशे नव्वद. तिनाचे सतराशे सत्तर."

स्टोअरकीपरनी लगेच पाकीट काढलं. नोटा मोजल्या आणि पुढे केल्या. मिस्त्रींनी हात मागे घेतला.

"आत्ता नको, साहेब."

"मग कधी? तारीख सांगा."

"तारीख नाही," मिस्त्री म्हणाले, आणि सायकलवर बसून गेले.

त्यानंतर स्टोअरकीपर तीनदा शेडवर जाऊन आले. मिस्त्रींनी तिन्ही वेळा बसायला बाक दिला, चहा पाजला, पैसे घेतले नाहीत. बाकांचं काम पूर्ण झालं, मशीनचे हप्ते तारखेला जातात. जामीन राहिल्यामुळे स्टोअरकीपरांचा स्कोअर आता आठशे त्रेसष्ट आहे. मिस्त्रींचे एक हजार सातशे सत्तर रुपये द्यायचे राहिले आहेत.