सबनीसकाकांचा मंत्र

सबनीसकाका चहा पिताना आपण कसकसे मेलो ते सांगत. एकदा सापाच्या पेटीत हात घालून, एकदा थडग्याच्या झाकणाखाली चिरडून, दोनदा तर एकाच गोऱ्या हिरोच्या गोळीने. लंडनच्या भयपटांत त्यांनी वीसेक वर्षं पुजारी, मांत्रिक, ममीचे राखणदार असल्या भूमिका केल्या. "पहिल्या अर्ध्या तासात मी मेलो नाही, तर लोकांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं," असं ते म्हणत. बायको वेलिंग्टनची, म्हणून उतारवयात तिच्यामागे इकडे आले. ती गेली आणि हे टेकडीवरच्या दोन खोल्यांत एकटेच राहिले.

मी २०१३ साली इथल्या एका फार्मसीत नोकरीला लागले. काउंटरवरून त्यांचं आडनाव नीट पुकारलं, तेवढ्यावर त्यांनी मला पुतणी करून टाकलं. दर गुरुवारी त्यांच्या गोळ्या आणि कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध घेऊन मी ती चढण चढत असे. वारा असा की पिशवी दोन्ही हातांनी धरावी लागे. दार उघडून ते म्हणत, "आलीस? मग आज मरत नाही." हा विनोद मला कधीच आवडला नाही.

सिनेमात दिग्दर्शक त्यांना सांगत, तुझ्या भाषेत काहीतरी भीतीदायक म्हण. काका पाढे म्हणत. एका राजकन्येच्या शवपेटीवर हात पसरून त्यांनी एकोणतिसाचा पाढा म्हटला होता. "सगळं थिएटर टरकायचं," ते सांगत. "मीही टरकलो होतो. शाळेत तो मला कधी धड आला नव्हता."

फक्त एका पिक्चरमध्ये पाढा नव्हता. त्या सकाळी मुंबईहून आई गेल्याची तार आली होती. शूटिंग सोडून निघाले असते तर पुन्हा कुणी बोलावलं नसतं, म्हणून काका राहिले. दुपारी कॅमेऱ्यापुढे मंत्र म्हणायची वेळ आली, तेव्हा ते आईशी बोलले. काय बोलले ते आता त्यांना आठवत नव्हतं. "पण तिथं आहे ते," ते म्हणत. "जपून राहिलंय." तो पिक्चर त्यांनी कधीच पाहिला नव्हता.

इथे मला शहाणपण सुचलं. त्यांचं हृदय फार दिवस साथ देणार नाही, हे वाढत्या गोळ्यांवरून मला दिसत होतं. मी म्हटलं, "काका, असले जुने पिक्चर ऑनलाइन ढिगाने मिळतात. शोधू का?"

त्यांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "आण. जायच्या आधी ऐकू दे एकदा."

मी डिस्क घेऊन गेले त्या गुरुवारी त्यांनी कोट घातला होता, केस विंचरले होते. लॅपटॉपवर तो प्रसंग आला. चिकटवलेल्या दाढीतल्या तरुण काकांनी हात वर केले, ओठ हलू लागले. आवाज मात्र दुसऱ्याच कुणाचा होता. कुठल्याच भाषेतलं नसलेलं घोगरं गुरगुरणं, त्यावर ऑर्गन. काकांचा एकही शब्द ठेवला नव्हता.

"पुन्हा लाव," ते म्हणाले. मी पुन्हा लावलं. चार वेळा लावलं. शेवटी त्यांनी पडद्यावरच्या स्वतःच्या तोंडावर बोट ठेवलं. "मला नाही आठवत. तुला कळतंय का गं, काय म्हणतोय हा?"

त्या दाढीमागे मला काहीही कळत नव्हतं. त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून मी म्हटलं, "'आई, मी येतो' म्हणताय, काका."

पडद्यावर ते मरून पडले होते. काकांनी हळूच लॅपटॉप मिटला.

"पण गेलो नाही ना मी," ते म्हणाले. "म्हणजे तिच्याशीही खोटंच बोललो."

मी तिथल्या तिथे खरं सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. पुढच्या गुरुवारी सांगू, असं ठरवून मी टेकडी उतरले.

काका बुधवारी गेले. ते वाक्य माझं होतं, त्यांचं नव्हतं, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.